बायकोच्या रक्ताचा नकार

लिफ्टमास्तरांचं खरं नाव पगाराच्या कागदावर आणि सासूबाईंच्या तोंडी, एवढंच उरलं होतं. बाकी सगळ्यांना ते लिफ्टमास्तर. कुठे लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली आणि आतली माणसं दार बडवायला लागली, की यांना फोन जायचा. हे आधी धापा टाकत गच्चीवरच्या मशिनच्या खोलीत चढायचे, वीज तोडायचे, ब्रेक हाताने जरा जरा सोडत लिफ्ट मजल्याला आणायचे, आणि दार उघडून आतल्या घामाघूम मंडळींना म्हणायचे, "या बाहेर. लिफ्ट पडत नसते हो, नुसती रुसते."

त्यांची बायको चष्म्याच्या एका मोठ्या दुकानात मागच्या खोलीत भिंगं घासून फ्रेममध्ये बसवायची. तिला सगळे भिंगबाई म्हणत. बोलायला कमी, पण बोलली की समोरच्याला उत्तर शोधावं लागे. दोन मुली, दोघींची लग्नं झालेली. थोरली दोन गल्ल्या सोडून राहायची, धाकटी लांब, आणि त्या वर्षी धाकटीला दिवस गेले होते.

त्याच वर्षी भिंगबाईंचे पाय सुजायला लागले. आधी वाटलं, दिवसभर उभं राहून होत असेल. मग अंगाला खाज सुटायला लागली, तोंडाला चव राहिना, जिना चढताना मधेच बसावं लागे. ब्लडप्रेशर बरीच वर्षं वाढलेलं होतं, आणि गोळ्यांच्या बाबतीत बाई आठवण झाली तर घेणाऱ्यांतल्या. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी सोनोग्राफीची फिल्म उजेडात धरली आणि सरळ सांगितलं, दोन्ही किडन्या आक्रसून गेल्यात, त्या आता परत कामाला लागायच्या नाहीत.

मग डायलिसिस सुरू झालं. एका लांबलचक खोलीत ओळीने खुर्च्या, प्रत्येक खुर्चीशेजारी एक मशिन, आणि माणसाचं रक्त नळीतून बाहेर जाऊन धुऊन परत आत येतंय. लिफ्टमास्तर बायकोला तिथे सोडायचे, कामावर जायचे, परत न्यायला यायचे. परतताना ती इतकी गळून गेलेली असायची की पायातली चप्पलसुद्धा यांनीच काढायची.

एका रविवारी चहा पिता पिता ते म्हणाले, "माझी घे. मला दोन आहेत, एक नुसती पडून आहे."

"पडून आहे म्हणे! ते काय माळ्यावरचं सामान आहे?"

"मी विचारत नाहीये, सांगतोय."

भिंगबाईंनी कप खाली ठेवला आणि बराच वेळ नवऱ्याच्या हाताकडे बघत बसल्या.

लिफ्टमास्तर एकदा कामाला लागले की लागले. सिगारेट सोडली. रोज सकाळी फिरायला जायला लागले. यांचा रक्तगट ए, बाईंचा एबी. डॉक्टर म्हणाले, "एबी गटाच्या माणसाला रक्तगटाची अडचण येत नाही, कुठल्याही गटाची किडनी चालते." एवढं ऐकलं आणि लिफ्टमास्तर जिथे जातील तिथे सांगत सुटले. ज्या इमारतीत दुरुस्तीला जायचे तिथल्या वॉचमनलासुद्धा कळलं की यांची किडनी बायकोला जमणार आहे.

रक्तगट ही पहिलीच पायरी होती, हे त्यांना नंतर कळलं.

हॉस्पिटलच्या तळघरात एक प्रयोगशाळा होती. तिथल्या प्रमुख एक पन्नाशीच्या मॅडम होत्या, केस आखूड, पांढऱ्या कोटाच्या खिशात कायम तीन-चार पेनं. त्यांनी नवरा-बायको दोघांचं रक्त घेतलं आणि म्हणाल्या, "तुमची दोघांची आता इथे भेट घालून बघणार. क्रॉसमॅच म्हणतात त्याला."

"आमची भेट कधीच झालीये, मॅडम," लिफ्टमास्तर म्हणाले. "पोरींची लग्नंसुद्धा उरकली."

मॅडम हसल्या. आठवड्याने डॉक्टरांनी बोलावलं आणि म्हणाले, क्रॉसमॅच पॉझिटिव्ह आली आहे.

"वा!" लिफ्टमास्तर उठलेच खुर्चीतून.

"बसा. इथे पॉझिटिव्ह म्हणजे वाईट. तुमची किडनी बसवली तर त्यांचं शरीर ती तासाभरातसुद्धा खलास करून टाकेल."

लिफ्टमास्तर बसले. बायको शेजारी होती, तिच्याकडे बघायची त्यांची हिंमत होईना. बाहेर आल्यावर त्यांनी बायकोला बाकावर बसवलं, "आलोच" म्हणाले, आणि तडक तळघरात गेले.

"मॅडम, बाटल्यांची अदलाबदल झालीये. दुसऱ्या कुणाचं तरी रक्त आलंय यात."

मॅडमना राग आला नाही. रोज कुणी ना कुणी असं येतच असावं. त्या म्हणाल्या, "मलाही खात्री करायचीच आहे. दोघांचं ताजं रक्त द्या, परत लावते. आणि उद्या दुपारी या, डोळ्यांनी बघा."

दुसऱ्या दिवशी दुपारी लिफ्टमास्तर गेले. मॅडमनी त्यांना एक प्लास्टिकची प्लेट दाखवली. तळहातावर मावेल एवढी, तिच्यात मुंगीने अंघोळ करावी एवढाले खळगे.

"तुमच्या रक्तातून मी पांढऱ्या पेशी वेगळ्या काढल्या," त्या म्हणाल्या. "शरीराची राखण करणाऱ्या पेशी त्या. आणि तुमच्या मिसेसच्या रक्तातल्या सगळ्या पेशी काढून टाकून वरचं पिवळसर पाणी घेतलं, त्याला आम्ही सीरम म्हणतो. त्या पाण्यात अँटीबॉडी असतात. अँटीबॉडी म्हणजे शरीराने परक्याला पकडायला बनवलेले गळासारखे आकडेच समजा. एकेका खळग्यात तुमच्या पेशी, वर त्यांचं सीरम. मग त्यात सशाच्या रक्तातला एक अर्क घालायचा. आकडे तुमच्या पेशींना अडकले असतील, तर हा अर्क तिथे पेशीला भोकं पाडतो. शेवटी रंग सोडायचा. जिवंत पेशी रंगाला आत घेत नाही. मेलेलीला भोकं पडलेली, तिच्यात तो शिरतो. बघा."

लिफ्टमास्तरांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. आधी आपल्याच पापण्या दिसल्या. मग दिसले काळपट, फुगलेले ठिपके, खळगाभर.

"हे सगळे मी?"

"तुमच्या पेशी. मेलेल्या. आता हा शेजारचा खळगा. पेशी तुमच्याच, पण सीरम एका त्रयस्थ माणसाचं, ज्याच्यात असले आकडे नाहीत. आमची पद्धत बरोबर चाललीये की नाही, हे बघायला तो ठेवावाच लागतो."

या खळग्यात बारीक बारीक गोल थेंब चमकत होते, एकूण एक जिवंत.

"म्हणजे परक्याच्या रक्तात मी जगतो," लिफ्टमास्तर सावकाश म्हणाले, "आणि बायकोच्या रक्तात मरतो."

मॅडमनी स्टूल पुढे ओढलं. "बसा. हे तुम्हाला कुणीतरी नीट सांगायला हवं होतं. बाळ पोटात असतं तेव्हा ते अर्धं आईचं आणि अर्धं बापाचं असतं. प्रत्येक पेशीच्या अंगावर खुणा असतात, त्यातल्या अर्ध्या तुमच्याकडून आलेल्या. बाळाच्या थोड्या पेशी आईच्या रक्तात जातातच, विशेषतः बाळंतपणात. आईची प्रतिकारशक्ती त्या बघते. यातल्या अर्ध्या खुणा माझ्या नाहीत, हे तिला कळतं, आणि ती त्यांच्यासाठी आकडे बनवते. सगळ्याच बायकांत बनतात असं नाही, पण बऱ्याच जणींत बनतात. आणि ते बनवायचे कसे, हे लक्षात ठेवणाऱ्या पेशी वर्षानुवर्षं टिकतात."

"मग पोरींना तेव्हा काही झालं कसं नाही?"

"मधे वार असते ना, बाळाला आईशी जोडणारी. असले आकडे ती बाळापर्यंत सहसा पोचू देत नाही. पोरी सुखरूप राहिल्या. पण तुमच्या खुणा तुमच्या मिसेसच्या रक्ताला पाठ झाल्या."

लिफ्टमास्तर वर आले. बायकोला डायलिसिसची सुई लागलेली होती. त्यांनी मॅडमनी सांगितलं ते सगळं तिला सांगितलं, सशासकट. भिंगबाईंनी ऐकून घेतलं.

"म्हणजे इतकी वर्षं मी तुमच्यावर दात धरून होते, आणि मलाच पत्ता नाही," त्या म्हणाल्या. लिफ्टमास्तर हसले, आणि हसता हसताच बाहीने डोळे पुसायला लागले. भिंगबाईंनी मोकळा हात त्यांच्या गुडघ्यावर ठेवला. "अहो, रडताय काय? माझं रक्त म्हणजे काय मी आहे का?"

थोरली मुलगी हे ऐकून दुसऱ्याच दिवशी आली. "म्हणजे आमच्या जन्मामुळे आईला बाबांची किडनी चालत नाही? मग माझी घ्या." आई नको नको म्हणत असताना तिने रक्त दिलं. तिच्याही पेशी मेल्या. तिच्या अंगावर बापाच्या ज्या खुणा होत्या, त्याच तर आईच्या रक्ताने पाठ केल्या होत्या. धाकटी पोटुशी, तिचा प्रश्नच नव्हता. भिंगबाईंचा एकुलता भाऊ मधुमेहाचा. आता कुणाचं दार वाजवायचं, हे कुणालाच सुचेना.

मग डॉक्टरांनी अदलाबदलीचं काढलं. दुसरी एक जोडी आहे, म्हणाले. मुलगा आजारी, आई द्यायला तयार, पण रक्तगट जुळत नाही. मुलाचा ए, आईचा बी. तुमची किडनी त्या मुलाला, त्या आईची तुमच्या मिसेसना.

लिफ्टमास्तर उखडले. "मी काय किडनीचं दुकान मांडलंय? मी माझ्या बायकोला देणार होतो. कोण कुठला मुलगा!"

डॉक्टर म्हणाले, घाई नाही, विचार करा.

विचार करायला त्यांना फार उसंत मिळाली नाही. दोनच दिवसांनी डायलिसिसच्या खोलीबाहेर एक बाई त्यांच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. साठीला टेकलेल्या, रुंद खांद्यांच्या, आवाज असा की खोलीतली नर्स बाहेर डोकावली. त्या तरणतलावावर पोहायला शिकवायच्या आणि सगळे त्यांना कोच म्हणायचे.

"तुम्हीच ना ते लिफ्टमास्तर? तुम्ही नाही म्हणालात असं ऐकलं."

"नाही म्हणालो नाही. विचार करतोय."

"करा. मीही केला. माझा मुलगा माझ्या पोटातून आला, तरी त्याला माझी किडनी चालत नाही. तुमचं तर लग्नाचं नातं." त्या शेजारी बसल्या. आवाज जरा खाली आला. "तो शाळेची बस चालवायचा. आता महिनोन् महिने घरी आहे. तुम्हाला कशाची भीती वाटते, सांगा."

लिफ्टमास्तरांनी खरं ते सांगितलं. "माझी तुमच्या मुलाला लागली आणि तुमची हिला नाही लागली, तर? मी माझ्या हाताने हिची शेवटची संधी दुसऱ्याला देऊन बसेन."

"मला उलटं वाटतं," कोच म्हणाल्या. "माझी तुमच्या बायकोला लागेल, आणि माझा पोरगा तसाच राहील. रोज सकाळी तेच डोक्यात येतं."

आतून मशिनची टिकटिक ऐकू येत होती.

त्या संध्याकाळी लिफ्टमास्तरांनी बायकोला हे सांगितलं, तेव्हा ती चिडली. इतक्या आजारात तिला चिडलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं.

"तुम्हाला माझ्यासाठीच द्यायचीय ना? मग माझ्यासाठीच देताय. ती माझ्यापर्यंत कुठल्या रस्त्याने येते, याच्याशी मला काय करायचंय? तुमची किडनी माझ्या पोटात पाहिजे, हा हट्ट तुमचा आहे. मला जगायचंय. धाकटीचं बाळ बघायचंय."

लिफ्टमास्तर उठून गॅलरीत गेले. थोड्या वेळाने परत आले आणि म्हणाले, "उद्या डॉक्टरांना फोन करतो."

पुन्हा तळघर. या वेळी चौघांचं रक्त. मॅडमनी आधी भिंगबाईंचं सीरम दुसऱ्या एका तपासणीला लावलं होतं. त्यात बारीक मण्यांवर एकेक खूण चिकटवलेली असते, आणि सीरममधले आकडे कुठल्या मण्यांना चिकटले, हे मशिन लेझरच्या उजेडात मोजतं. त्यावरून कळलं होतं की भिंगबाईंच्या रक्ताचं वैर नेमकं कुठल्या खुणांशी आहे. कोचबाईंच्या पेशींवर त्यातली एकही नव्हती. पण मॅडम मण्यांवर विसंबून राहणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी खऱ्या पेशी आणि खरं सीरम पुन्हा एकत्र केलं. भिंगबाईंचं सीरम कोचच्या पेशींवर, बसड्रायव्हरचं सीरम लिफ्टमास्तरांच्या पेशींवर.

निकालाच्या दिवशी लिफ्टमास्तर आणि कोच दोघंही खाली बाकावर बसले होते. मॅडम दारात आल्या.

"दोन्ही निगेटिव्ह."

कोचचा चेहरा पडला. लिफ्टमास्तरांनी त्यांचा दंड धरला. "अहो, इथे निगेटिव्ह म्हणजे चांगलं! मीही फसलो होतो."

मग अवयवदानाला परवानगी देणाऱ्या एका समितीसमोर जावं लागलं. चार अनोळखी माणसांनी विचारलं, तुमच्यावर कुणी दबाव आणलाय का, यात काही व्यवहार झालाय का. लिफ्टमास्तरांना हा प्रश्न झोंबला. पण कोचबाईंनी खाली टेबलाआडून त्यांच्या पायावर पाय दिला, आणि ते "नाही" एवढंच म्हणाले.

शस्त्रक्रिया एकाच सकाळी, एकाच वेळी सुरू झाल्या, म्हणजे कुणी एक देऊन बसलाय आणि दुसऱ्याने माघार घेतलीये असं व्हायला नको. आत नेण्याआधी शेवटची क्रॉसमॅचही ताज्या रक्तावर झाली होती. स्ट्रेचरवरून जाताना लिफ्टमास्तरांना हॉस्पिटलच्या लिफ्टच्या दारातून घासल्याचा आवाज आला. "तुमच्या दाराचा रोलर गेलाय," त्यांनी वॉर्डबॉयला सांगितलं. तो म्हणाला, "काका, आज राहू द्या."

शुद्धीवर आले तेव्हा कुशीत कुणी तापलेली सळई ठेवल्यासारखं दुखत होतं. थोरली उशाशी होती. "आईचं झालं, बाबा. टेबलावरच लघवी सुरू झाली. पिशवी भरतेय नुसती." लिफ्टमास्तरांच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते कानात गेलं, पुसायला हात उचलवेना.

"आणि त्या मुलाचं?"

थोरलीने त्यांचं पांघरूण सारखं केलं. "त्याची अजून सुरू नाही झाली."

असं कधी कधी होतं, असं डॉक्टरांनी समजावलं. किडनी एका अंगातून दुसऱ्या अंगात जाते, मधे तिला रक्त मिळत नाही, धक्का बसतो, काही दिवस ती झोपून राहते. ड्रायव्हरचं रक्त पुन्हा पुन्हा तळघरात गेलं. नव्या किडनीविरुद्ध आकडे तयार झालेले नव्हते. मग ड्रायव्हरच्या किडनीत सुई घालून तुकडा काढून बघितला. त्याच्या शरीराने हल्ला केल्याची खूण नव्हती. वाट बघा, एवढंच सांगण्यात आलं, आणि त्याला पुन्हा मशिनला लावलं.

लिफ्टमास्तरांना लाज वाटायला लागली. आपली बायको काचेपलीकडून हात हलवतेय, तिच्या गालावर रंग चढतोय, आणि आपण दिलेली वस्तू त्या बाईच्या मुलाच्या पोटात ढिम्म पडून आहे. चालता यायला लागल्यावर ते कुशीवर उशी दाबून ड्रायव्हरच्या खोलीच्या दारापर्यंत जायचे. आत सोडत नसत. कोच बाहेर बसलेल्या असत, त्यांनीही अशीच उशी दाबून धरलेली.

"माझी कधी अशी वागलेली नाही हो," ते एकदा म्हणाले. "इतकी वर्षं विनातक्रार काम केलंय तिने."

कोचना हसू आलं आणि टाके दुखले. "हसवू नका. परक्या घरी गेलीये बिचारी. रुळायला वेळ लागणारच."

एक दिवस गेला की दुसरा उगवायचा. एका सकाळी ते दाराशी पोचले तर कोच उभ्या होत्या. त्यांनी नुसती ओंजळ दाखवली. एवढीशी. पण लघवी सुरू झाली होती. त्या आठवड्याअखेर ड्रायव्हरची मशिनपासून कायमची सुटका झाली.

घरी आल्यावर दोघांनाही, भिंगबाईंना आणि ड्रायव्हरला, डॉक्टरांनी बजावलं की नवी किडनी शरीराला जन्मभर परकीच वाटणार. प्रतिकारशक्ती दाबून ठेवायच्या गोळ्या चुकवून चालणार नाही. पण ती फार दाबली तर साधी सर्दीसुद्धा अंगावर येईल, म्हणून रक्तात गोळीचं प्रमाण किती, हे वरचेवर तपासायचं. पूर्वी आठवण झाली तर गोळी घेणाऱ्या भिंगबाई आता घड्याळाचा गजर लावून घेतात. सुरुवातीला गोळ्यांनी चेहरा गोल झाला, तेव्हा त्या आरशात बघून म्हणाल्या, "बरंय, सुरकुत्या तरी गेल्या." धाकटीला मुलगा झाला. त्याला सर्दी होती म्हणून आजीने पहिल्यांदा त्याला दारातूनच पाहिलं, तोंडाला मास्क लावून, पण पाहिलं.

लिफ्टमास्तर आता जड मोटर उचलत नाहीत. कंपनीने त्यांना नव्या मेकॅनिकांना शिकवायला ठेवलंय. ड्रायव्हर बसवर परत गेला. दोन्ही घरांचं रोजचं जाणंयेणं आहे असं नाही. कोचना गप्पा मारत बसायला आवडत नाही, आणि भिंगबाईंनाही. पण तपासणीचा वार दोघांचा एकच ठरलेला आहे.

त्या सकाळी गोळी घेण्याआधी रक्त द्यावं लागतं. त्यामुळे भिंगबाई आणि ड्रायव्हर बाकावर शेजारी शेजारी बसतात, दोघांच्या मांडीवर पाण्याची बाटली आणि गोळ्यांची डबी. मागच्या खेपेला मॅडम रिपोर्ट घेऊन बाहेर आल्या. कोचच्या किडनीविरुद्ध भिंगबाईंच्या रक्तात काहीच तयार झालेलं नव्हतं. लिफ्टमास्तरांनी विचारलं, "आणि माझ्याविरुद्धचे ते आकडे? गोळ्यांनी गेले असतील ना आता?"

"आहेत की," मॅडम म्हणाल्या. "थोडे कमी झालेत."

"कमी झाले, हेही काही कमी नाही," लिफ्टमास्तर म्हणाले.

"पुढचे कोण?" आतून नर्सने आवाज दिला. भिंगबाई बाही वर सारत उठल्या, आणि डबी नवऱ्याच्या हातात देऊन आत गेल्या.